आधार आणि धार

टोकियो उपसागराच्या उत्तर टोकाशी, जुनी एदो नदी समुद्राला मिळते तेथे, उरायासु हे शहर वसलेले आहे. त्याचा विस्तार जेमतेम १७ चौरस किलोमीटरांचा, आणि त्यातलाही सुमारे तीन चतुर्थांश भाग समुद्र बुजवून मिळवलेला. येथे डोंगर नाही, अरण्य नाही, आणि ज्याच्यामुळे हे गाव जगाला ठाऊक झाले ते टोकियो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ रोजी उघडले तेही भरावाच्या भूमीवरच. अशा गावी राहून ओंडक्यांविषयी आणि करवतींविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटण्याचा संभव आहे. तथापि या गावाचे जुने दप्तर ज्याने दोन पिढ्या मागे चाळले, त्याला येथील सारे जीवन एके काळी लाकडाच्या फळीवर तरंगत होते, असे आढळून येईल. फिरत्या आरागिरणीवर ओंडका कशावर टेकवावा आणि तिचे पाते कसे राखावे, हा प्रश्न घेऊन मी, हे गाव ज्यात मोडते त्या चिबा प्रांतात हिंडलो, तेव्हा त्याचे पहिले उत्तर मला घराशेजारीच मिळाले.

भराव पडण्यापूर्वीचे उरायासु हे कोळ्यांचे गाव होते. ओहोटीच्या वेळी दूरवर उघड्या पडणाऱ्या चिखलात शिंपले गोळा करावेत आणि हिवाळ्यात नोरी नावाचे समुद्रशेवाळ काढावे, या दोन व्यवसायांवर गावाचा चरितार्थ चाले. आणि त्यासाठी एका माणसाला पुरेल अशी, उथळ तळाची, सुगी नावाच्या वृक्षाच्या फळ्यांची जी लहान होडी वापरली जाई तिला बेकाबुने म्हणतात. यामामोतो शुगोरो या कादंबरीकाराने या होडीला आपल्या एका पुस्तकाच्या नावातच स्थान दिले. २००१ साली उघडलेल्या शहराच्या स्थानिक इतिहास संग्रहालयात १९५२ सालच्या सुमाराचे उरायासु पुन्हा उभे केले आहे, आणि तेथे या होड्या जवळून पाहावयास मिळतात. मी त्यांपैकी एकीच्या कडेशी वाकून फळ्यांचा सांधा शोधू लागलो, तर तो नजरेला सहज सापडेना.

हा सांधा साधण्याची रीत अशी, की दोन फळ्या कडेला कड लावून घट्ट बांधावयाच्या आणि त्यांच्या मधल्या फटीतून करवत चालवावयाची. दोन्ही कडांवर जेथे जेथे उंचवटा असेल तेथे करवतीचे दात लागतात, फळ्या पुन्हा जवळ आणल्या जातात, पुन्हा करवत फिरते, आणि दोन्ही कडा एकमेकींच्या प्रतिमा होईपर्यंत हा क्रम चालू राहतो. मग हातोडीने कडा ठोकून लाकडाचे तंतू दाबून ठेवतात, म्हणजे होडी पाण्यात उतरल्यावर ते फुगतात आणि सांधा आपोआप घट्ट होतो. डग्लस ब्रुक्स या अमेरिकन नौकाकारागिराने उरायासुचे वृद्ध नावसुतार नोबुजी उदागावा यांच्या हाताखाली राहून बेकाबुने बांधण्याचे कसब शिकून घेतले आणि जपानी लाकडी नौकांवरील आपल्या २०१५ सालच्या ग्रंथात त्याची साद्यंत नोंद केली. या कामात करवत जितकी महत्त्वाची, तितकीच ती चालत असताना फळी तसूभरही हलू न देणारी बांधणी महत्त्वाची. फळी हलली तर कितीही तीक्ष्ण करवत असली तरी सांधा वाकडाच यावयाचा. माझ्या या साऱ्या लेखाचे सार मला त्या होडीपाशीच गवसले, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या जीवनाचा अस्तही लाकडाशीच निगडित असावा, हा योग विलक्षण होय. लाकडापासून कागदाचा लगदा करणाऱ्या होन्शु कंपनीच्या एदोगावा कारखान्याने १९५८ साली नदीत काळे सांडपाणी सोडले, मासळी आणि शिंपले मेले, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये उरायासुचे शेकडो कोळी कारखान्यात घुसून पोलिसांशी त्यांची चकमक झाली. त्याच वर्षअखेर जपानने जलप्रदूषणाच्या नियंत्रणाचे आपले पहिले कायदे संमत केले. परंतु गावाची मासेमारी त्यामुळे वाचली नाही. कोळ्यांनी १९६२ साली आपल्या हक्कांचा काही भाग आणि १९७१ साली उरलेले सारे हक्क सोडून दिले, समुद्र बुजवला गेला, आणि त्या नव्या भूमीवर वसाहतींबरोबर पोलादाच्या व्यापाऱ्यांची एक विस्तीर्ण पेठ उभी राहिली. ज्या गावी फळ्या कापल्या जात, तेथे आता पोलादाच्या कांबी कापल्या जाऊ लागल्या.

लाकडाची मोठी पेठ मात्र फार दूर गेली नाही. शिन-उरायासुहून केइयो मार्गाच्या गाडीने टोकियोकडे निघाले, की तिसरे स्थानक शिन-किबा. एदोकाळापासून फुकागावाच्या किबा भागात ज्या वखारी होत्या त्या १९७० च्या दशकात येथील भरावावर हलवण्यात आल्या. पाण्यात तरंगत ठेवलेले ओंडके आकड्यांनी हाकून त्यांचे तराफे बांधणारे तेथील कामकरी चौकोनी तुळईवर उभे राहून ती पायांनी पाण्यात गरगर फिरवण्यात निष्णात असत, आणि ही विद्या किबाच्या उद्यानात अद्यापि दरवर्षी दाखवली जाते. ओंडका हा किती अस्थिर पदार्थ आहे, हे त्या लोकांइतके कोणाला कळले असेल? पाण्यावर त्याचे हे फिरणे खेळ ठरते, पण करवतीखाली तेच फिरणे अपघात ठरते.

देशाचा दोन तृतीयांश भाग वनांनी आच्छादलेला असूनही परदेशी लाकडाच्या स्वस्ताईमुळे जपानची लाकडाची स्वयंपूर्णता २००२ साली १९ टक्क्यांच्याही खाली गेली होती. युद्धोत्तर काळात डोंगरोडोंगरी लावलेली सुगीची झाडे तोडण्याच्या वयाची झाली, तेव्हा ती तोडून वाहून नेण्याचा खर्च लाकडाच्या किमतीत निघेनासा झाला. त्यात चिबा प्रांतावर ९ सप्टेंबर २०१९ रोजी वादळ आदळले. चिबा शहरी वाऱ्याच्या झोताचा वेग सेकंदाला ५७.५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २०७ किलोमीटर नोंदला गेला, चिबा आणि आसपासच्या प्रांतांत मिळून नऊ लाखांहून अधिक घरांची वीज गेली, आणि ती पूर्ववत होण्यास कित्येक ठिकाणी आठवडे लागले. याचे एक मोठे कारण तारांवर कोसळलेली सुगीची झाडे हे होते. सान्बु भागातील सुगीची लागवड पिढ्यान्‌पिढ्या फांद्यांच्या कलमांनी होत आली, त्यामुळे ही झाडे एकाच वाणाची आणि सरळ, एकसारख्या खोडाची निपजत. परंतु ज्या बुरशीने एक झाड खावे तिला सारेच बळी पडावेत, हाही त्याच एकवाणाचा परिणाम. या रोगाने खोडाला लांबच लांब खोल चरे पडतात, आतला गाभा कुजतो, आणि एरवी गोल असलेल्या ओंडक्याचा छेद कुठे पिचलेला तर कुठे फुगलेला दिसतो.

असा ओंडका मोठ्या कारखान्याला नको असतो. तेथील यंत्रे एकसारख्या मापाच्या गोल ओंडक्यांसाठी योजलेली, आणि वाहतुकीचे भाडे देऊन निम्मे कुजके लाकूड घ्यावयास कोण तयार होणार? तेव्हा झाड पडले तेथेच गिरणी नेण्याचा विचार पुढे येतो. जमिनीवर रूळ मांडावे, त्यांवर ओंडका स्थिर ठेवावा आणि इंजिनासह पट्टाकरवतीचे डोके त्या रुळांवरून पुढे ढकलीत फळी काढावी, अशी या फिरत्या गिरणीची रचना. आपल्याकडील आरागिरणीत ओंडका ट्रॉलीवर चढून पात्याकडे जातो, येथे पाते ओंडक्याकडे जाते, हा मुख्य भेद. १९८२ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे सुरू झालेल्या वूड-मायझर या कंपनीने हा प्रकार जगभर पोहोचवला, आणि आज अनेक देशांत अनेकजण अशी यंत्रे तयार करतात.

माझे एक तरुण स्नेही, मूळचे चिपळूणकडचे आणि सध्या उरायासुत नोकरीनिमित्त राहणारे यंत्रअभियंते, सुट्टीच्या दिवशी सान्बुतील एका वृद्ध जमीनमालकाच्या अंगणात अशाच एका जुन्या गिरणीवर काम करतात. मी तेथे गेलो तेव्हा त्यांनी मला प्रथम यंत्र दाखवले नाही, एक मोडका खुंट दाखवला. गिरणीच्या आडव्या पोलादी पाटांवर ओंडका टेकतो. एका बाजूने तो उभ्या खुंटांना भिडतो, आणि दुसऱ्या बाजूने पकड त्याला खुंटांवर दाबून धरते. हा खुंट पातळ चौकोनी नळीचा होता. ४० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४ मीटर लांबीचा ओंडका म्हणजे अर्धा घनमीटर लाकूड. ओल्या सुगीचा तेवढा तुकडा अजमासे ४०० किलो भरतो, आणि तो उतारावरून घरंगळत येऊन खुंटावर आदळला म्हणजे खुंटाला सोसावा लागणारा धक्का या वजनाच्या कितीतरी पट होतो. नळी पायथ्याशी वाकली होती. वाकल्यानंतरही ती उभी होती, आणि खरे नुकसान त्यामुळेच झाले. कारण खुंट काटकोनात नसला म्हणजे त्याला टेकवून कापलेली तुळईही काटकोनात येत नाही, आणि हे वैगुण्य शेवटची फळी निघेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्या नळीचा माथा आडवा कापला गेला होता. ओंडका कापीत कापीत खाली येताना तळाशी दोन बोटे जाडीचे लाकूड उरले, खुंटाचा माथा त्याहून उंच राहिला, आणि पाते लाकडातून पोलादात शिरले. "काका, लोक म्हणतात पाते महाग, पात्याला जपा," ते मला म्हणाले, "पण पात्याला जपायचे म्हणजे खुंटाला जपायचे, हे कोणी सांगत नाही. तुम्ही हे दात बघा." त्यांनी पाते उजेडात धरले. पट्टाकरवतीचे दात आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे किंचित झुकवलेले असतात, प्रत्येक बाजूस सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाते स्वतः जाते त्याहून रुंद वाट दात कापून ठेवतात. या पात्याच्या एका अंगाचे दात खुंटावर घासून बोथट आणि सपाट झाले होते, दुसऱ्या अंगाचे शाबूत होते. असे पाते पुढच्या ओंडक्यात शिरले, की धारदार बाजूकडे ओढले जाते, आणि फळीवर लाट उठते.

त्यांनी केलेली दुरुस्ती मी बारकाईने पाहिली, कारण तिच्यात विचार होता. नवे खुंट जाड पोलादी नळीचे केले, त्यांच्या पायथ्याशी त्रिकोणी पत्र्यांचे टेकू जोडले, आणि प्रत्येक खुंट एका बाहेरच्या नळीत वरखाली सरकेल व खिळीने तीन उंचींवर मुक्रर करता येईल असा बसवला. त्यामुळे जाड ओंडक्याला उंच आधार मिळतो आणि ओंडका कमी होत जाईल तसा खुंटही खाली उतरतो. खुंटाच्या माथ्यावर त्यांनी काशी नावाच्या जपानी ओकच्या लाकडाचा, हाताच्या अंगठ्याएवढा उंच ठोकळा बसवला. तो पितळी स्क्रूने धरलेला असून स्क्रू माथ्यापासून पुरेसा खाली आहे, म्हणजे चुकून पाते त्यात घुसलेच तर ठोकळा कापला जाईल आणि दात वाचतील. ठोकळा बदलावयास काही क्षण पुरतात. आडव्या पाटांवर स्टेनलेस पोलादाचे आवरण चढवले, कारण ओल्या लाकडातील टॅनिनशी साधे लोखंड संयोग पावून लाकडावर निळसर काळे डाग पाडते. मग दोरी ताणून सारे पाट एका पातळीत आहेत की नाहीत हे तपासले. चर पडलेल्या रोगट ओंडक्यांसाठी निरनिराळ्या जाडीच्या लाकडी पाचरांचा संच तयार ठेवला. चर जेथे पाटावर येईल तेथे पाचर ठोकल्याखेरीज ओंडका पकडीत घ्यावयाचाच नाही, असा त्यांचा दंडक आहे. एका टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या ओंडक्याचे लहान टोक याच पाचरांनी उचलून त्याचा गाभा रुळांना समांतर आणता येतो.

ओंडका जागचा हलला नाही, तरी आतून तो स्वस्थ नसतो. झाड वाढताना त्याच्या तंतूंत ताण साठतो. एका बाजूची फळी काढली की उरलेला भाग धनुष्यासारखा वर वळतो किंवा पाटांवरून सुटून मधोमध खचतो, आणि पाते कापाच्या फटीत आवळले जाण्याचा संभव असतो. म्हणून एका बाजूच्या फळ्या सलग न काढता ओंडका फिरवून समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने कापाव्या, आणि प्रत्येक फिरवणीनंतर आधार पुन्हा तपासावा. कापावयास आरंभ करण्यापूर्वी पाते थांबलेले असताना डोके एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत हलक्या हाताने ढकलून न्यावे आणि प्रत्येक खुंट, प्रत्येक पकड पात्याच्या खाली आहे याची रुजवात घ्यावी, ही खबरदारी यंत्रासोबतच्या कोणत्याही साधनाहून मोलाची आहे.

आता पात्याकडे वळू. ३२ ते ३८ मिलिमीटर रुंद आणि सुमारे १.१ मिलिमीटर जाड अशी ही पोलादी पट्टी दोन चाकांवरून सेकंदाला साधारण २५ मीटर वेगाने धावते. पट्टीची लांबी ४ मीटर धरली, तर तिचा प्रत्येक भाग सेकंदाला सहाहून अधिक फेरे घालतो, आणि प्रत्येक फेऱ्यात दोन चाकांवर दोनदा वाकतो व दोनदा सरळ होतो. म्हणजे तासाभरात सुमारे ४५,००० वेळा वाकणे. पाते बहुधा दात झिजून मरत नाही, दातांमधल्या खोबणीत या वाकण्याने सूक्ष्म चिरा पडून मरते. म्हणूनच काम थांबले की पट्टीचा ताण सोडावा. पाते पूर्ण बोथट होण्याची वाट न पाहता दोन-एक तासांच्या कापणीनंतर उतरवावे. आणि धार लावताना दाताचे टोक घासून न थांबता खोबणीचा सारा उतार घासून घ्यावा, म्हणजे चिरांचा आरंभच निघून जातो. दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक रूळ ओंडक्याच्या जितके जवळ आणता येतील तितके आणावे, कारण त्यांच्यामधली पट्टी जितकी लांब, तितकी ती गाठीपाशी डळमळणार. राळ चिकटून पाते तापू नये म्हणून पाण्याची बारीक धार सतत ठेवावी. हातमोजे आणि चष्मा यांवाचून पट्टीला स्पर्श करू नये. गुंडाळलेली पट्टी सुटली म्हणजे ती उसळून येते.

पात्याचा सर्वांत मोठा वैरी लाकूड नसून सालीतली माती आणि खोडातले लोखंड होय. ओंडका चिखलातून ओढून आणला असेल तर साल काढावी, निदान पात्याच्या वाटेवरची साल कुऱ्हाडीने तासून धुवावी. लोखंडासाठी धातुशोधक यंत्र मिळते, आणि ओंडक्याच्या तोंडावर निळा-काळा डाग दिसला तर आत खिळा असल्याची ती साक्षच समजावी. परंतु त्या अंगणात मी याहून निराळा शोधक पाहिला. ते वृद्ध गृहस्थ प्रत्येक ओंडक्यापाशी जाऊन कुऱ्हाडीच्या पाठीने तो ठोकीत, कान देऊन ऐकत, आणि काहींना खडूची खूण करीत. ही झाडे एके काळी बांधावर होती आणि कुंपणाची तार त्यांच्याच खोडांना ठोकली होती, हे त्यांना ठाऊक होते. तार केव्हाच गेली, खिळे मात्र खोडाच्या पोटात गेले. जमिनीची वहिवाट ज्याला माहीत त्याच्या सल्ल्यावाचून पाते त्या ओंडक्याला लावू नये, हा नियम कोणत्याही यंत्राच्या पुस्तिकेत असावयास हवा.

या दोन कामांची, आधाराची आणि धारेची, जोडी किती जुनी आहे हे पाहावयाचे असेल तर होकुसाई या जपानी चित्रकाराच्या फुजीदृश्यांपैकी, १८३० च्या सुमाराचे, तोतोमी प्रांतातील डोंगराचे चित्र पाहावे. एक प्रचंड तुळई तिरपी करून लाकडी घोडीवर टेकवली आहे. एक करवतकरी तिच्यावर उभा राहून आणि दुसरा खाली बसून तिला कापीत आहे. आणि बाजूला एक माणूस खाली मान घालून करवतीचे दात कानशीने घासीत आहे. फुजी पर्वत त्या घोडीच्या पायांमधून दिसतो. चित्रकाराने करवतीच्या जोराचे चित्र काढताना घोडीला आणि कानसवाल्याला वगळले नाही, कारण त्यांच्यावाचून तो जोर व्यर्थ आहे, हे त्याने पाहिले होते. कोकणात यंत्रे येण्यापूर्वी घोडीवर किंवा खड्ड्यावर ओंडका चढवून एक वर आणि एक खाली असे दोघे करवत ओढीत, त्यांचीही रीत हीच होती.

आधाराची किंमत उरायासुकरांना निराळी सांगावी लागत नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपात या शहराच्या सुमारे ८६ टक्के भूभागाखालची वाळू पाण्यासारखी पातळ झाली, घरे कलली, सांडपाण्याची मॅनहोल रस्त्यावर वर आली. नदीकाठचे जुने गाव आणि ज्या भरावाखाली वाळूचे खांब दाबून जमीन आधीच घट्ट केली होती असे भाग मात्र बव्हंशी वाचले. वरची इमारत कितीही भक्कम असो, खालची तरतूद कोणी, केव्हा आणि किती काळजीने केली यावरच तिचे भवितव्य ठरते. तरतूद करणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोणी विचारतो.

हे सारे आपल्या कोकणाशी निकट संबंध असलेले आहे, आणि म्हणूनच मी ते लिहिण्यास उद्युक्त झालो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दिवेआगर-श्रीवर्धनाच्या किनाऱ्यावर आघात केला, आणि पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकत गेले. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पिढीजात आंबा-फणसांची झाडे जमीनदोस्त झाली. त्यांतले किती लाकूड फळी होऊ शकले असते, आणि किती जागीच कुजले वा सरपणाच्या भावाने गेले, याचा विचार प्रत्येक वाडीवाल्याने केलाच असेल. फणसाची फळी आपल्या घरांच्या दारांना आणि देवघरांना किती शोभली आहे, हे कोणी कोणाला सांगावे! पडलेल्या झाडाजवळ जाणारी गिरणी असती तर त्यातले काही वाचते.

आपल्याकडे आरागिरणी ही परवान्याची बाब आहे, आणि ती तशी असण्यास कारणही आहे. वनरक्षणासंबंधीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या हुकुमाने वनतोडीला आळा घातला, मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्रातील विनापरवाना आरागिरण्या बंद करण्याचे फर्मावले, आणि २०१६ साली केंद्र सरकारने लाकूडाधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. चोरट्या तोडीचे हत्यार बनेल अशी फिरती गिरणी कोणालाच नको. परंतु वनखात्याच्या नोंदीखाली, पंचनामा झालेल्या वादळग्रस्त खासगी झाडांपुरती, ग्रामपंचायतीच्या वा सहकारी संस्थेच्या ताब्यात अशी गिरणी ठेवता येईल किंवा कसे, याचा विचार पुढचे वादळ येण्याआधी व्हावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि तसे घडले, तर खरेदीच्या यादीत इंजिनाच्या अश्वशक्तीपुढे रकाना संपू देऊ नये. भक्कम आणि उतरते खुंट, सपाट पाट, पाचरांचा संच, धार लावण्याचे यंत्र, राखीव पाती, आणि ही सारी राखणारा एक शिकलेला मिस्त्री, यांची रक्कम त्याच यादीत आधी मांडावी. नारळाच्या खोडाचा बाहेरचा भाग साध्या पात्याचे दात लवकर बोथट करतो, त्याच्यासाठी कठीण मिश्रधातूच्या दातांची पाती वेगळी घ्यावी लागतील, तीही यादीत असावीत. यंत्र विकत घेणे एका ठरावाने होते. त्याला टेकू देणे आणि धार राखणे हे रोजचे काम आहे, आणि त्या कामासाठी माणूस नेमून त्याला पगार दिला नाही, तर पहिल्या पावसाळ्यातच ती गिरणी चवाठ्यावरचे गंजके लोखंड होऊन बसेल.